टायमिंग चेनची गाइड : दुरुस्तीच्या इतिहासातील एक प्रकरण



शाळेच्या स्मृति-व्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडला आहे असे कळले, की श्रोत्यांच्या मनात एखादे राजघराणे, एखादा लढा किंवा एखादी थोर व्यक्ती उभी राहते. पांढुर्णा आणि सौंसर हा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख असल्यामुळे तशी अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही. परंतु आज मी आपल्यासमोर जो विषय मांडणार आहे, तो वीत-दीड वीत लांबीच्या एका पट्टीचा आहे. ही पट्टी मोटारीच्या इंजिनात, पुढच्या झाकणाआड असते. ती फिरत नाही, ओढत नाही, जळत नाही. तिच्या अंगावरून साखळी धावते आणि ती तिला भरकटू देत नाही, एवढेच तिचे काम. मिस्त्री तिला गाइड म्हणतात. ती झिजली वा तुटली म्हणजे संत्र्यांनी भरलेली पिकअप गाडी घाटात उभी राहते, आणि मालकाचा हंगाम बुडण्याची वेळ येते.

यंत्रांचा इतिहास आपण बहुधा शोधकांचा आणि कारखानदारांचा इतिहास म्हणून वाचतो. कोणी कोणते यंत्र प्रथम बनविले, कारखाना कोठे निघाला, उत्पादन किती झाले, हे त्यात असते. यंत्र कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर वीस-पंचवीस वर्षे ज्यांच्या हातांनी चालते राहते, त्यांचा उल्लेख या ग्रंथांत सहसा आढळत नाही. या एका पट्टीच्या निमित्ताने त्या दुसऱ्या बाजूने इतिहास पाहावा असा माझा प्रयत्न आहे. माझे म्हणणे असे, की ही पट्टी एका सौद्यातून जन्मास आली. इंजिन अधिक वेगवान आणि अधिक शांत व्हावे म्हणून रचनाकारांनी तो सौदा केला आणि त्याची किंमत दुरुस्ती करणाराच्या व गाडीवाल्याच्या खात्यावर मांडली. कारखान्यापासून दूर असलेल्या आपल्यासारख्या तालुक्यांत ती किंमत अधिक जड जाते.

प्रथम यंत्र थोडे समजून घेतले पाहिजे. विद्यार्थ्यांसाठी ते आवश्यक आहे. इंजिनात पिस्टन खालीवर होतात आणि त्या हालचालीने क्रँकशाफ्ट फिरतो. हवा आत घेण्यासाठी आणि धूर बाहेर टाकण्यासाठी वरच्या बाजूस झडपा असतात. त्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणतो. या झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. चार ठोक्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. त्यात कमी नाही, अधिक नाही. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट १,५०० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते व मिटते. या दोन शाफ्टांचा मेळ ठेवणे यालाच टायमिंग म्हणतात. हा मेळ ठेवण्याचे तीन मार्ग आजवर रूढ झाले : दातेरी चाके, साखळी आणि दातेरी पट्टा.

दातेरी चाकांचा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम. जुन्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली, क्रँकशाफ्टच्या शेजारीच असे. दोन चाके एकमेकांत अडकविली की काम झाले. झडपा वर असतील, तर उभ्या दांड्यांनी त्या ढकलल्या जात. साखळीचा इतिहास मात्र मोटारीच्या आधी, सायकल आणि कापडगिरण्यांच्या यंत्रांपाशी सुरू होतो. स्वित्झर्लंडमधील आराऊ या गावी १८५२ साली जन्मलेला हान्स रेनॉल्ड हा तरुण इंग्लंडातील मँचेस्टर येथे गेला. १८७९ साली त्याने साखळ्या बनविणारा एक लहानसा कारखाना विकत घेतला आणि १८८० साली बुश आणि रोलर असलेली साखळी सिद्ध केली. तिच्या प्रत्येक सांध्यात एक खिळ, खिळीवर एक नळी आणि नळीवर फिरणारा रोलर असतो. घर्षण एका बिंदूवर न राहता विभागले जाते. आपण शाळेत येताना ज्या सायकलवर बसून येता, तिची साखळी मुळात याच कल्पनेची आहे. पुढे १८९५ साली रेनॉल्डनेच कमी आवाज करणारी, दातांची साखळी काढली. मोटारगाड्यांच्या कारखानदारांना ही दोन्ही रूपे आयतीच मिळाली.

तरीही प्रथम साखळी आखूडच होती. आपल्या रस्त्यांवर ज्या गाड्या पिढ्यान् पिढ्या धावल्या त्यांपैकी अँबॅसिडर आणि फियाट या मोटारींत कॅमशाफ्ट इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असे. क्रँकशाफ्टपासून त्याच्यापर्यंतचे अंतर वीतभर. एवढ्या साखळीला लांब पट्टीचा आधार लागत नाही.

प्रश्न निर्माण झाला तो कॅमशाफ्ट वर गेल्यावर. कॅमशाफ्ट थेट झडपांच्या डोक्यावर बसविला, तर मधल्या उभ्या दांड्यांची गरज उरत नाही, वजन घटते आणि इंजिनाला अधिक वेग घेता येतो. हा लाभ मोठा होता. मर्सिडीझ-बेंझ कंपनीने १९५८ साली १९० डी या मोटारीसाठी अशा रचनेचे डिझेल इंजिन आणले. परंतु कॅमशाफ्ट वर गेला म्हणजे साखळी लांबली, आणि लांब साखळी वेगात धावताना स्वस्थ राहत नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या पताका वाऱ्याने फडफडतात तशी ती मधल्या मोकळ्या भागात फडफडते. वीस दात्यांचे चाक आणि पाऊण इंचाच्या निम्म्या, म्हणजे ३/८ इंचाच्या कड्या असा हिशेब धरला, तर ३,००० फेऱ्यांना साखळीचा वेग सेकंदाला साडेनऊ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर होतो. भरल्या गाडीने चढावर जेवढा वेग घ्यावा, तेवढ्या वेगाने ती इंजिनाच्या पोटात अहोरात्र धावते. तिला बाजूने धरून ठेवणारी एक स्थिर पट्टी आणि सैल बाजूने दाबून धरणारी एक वाकडी, केळ्याच्या आकाराची पट्टी लागली. दुसरीच्या पाठीशी तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर आला. हा गाइडचा जन्म.

पट्टी लोखंडाची आणि साखळीही लोखंडाची असेल, तर आवाज होतो आणि दोन्ही झिजतात. म्हणून धातूच्या पाठीवर रबराचा, पुढे नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचा थर चढविण्यात आला. नायलॉन हा अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स याने १९३५ साली सिद्ध केलेला पदार्थ. मोजे आणि दात घासण्याच्या ब्रशापासून त्याचा व्यापार सुरू झाला आणि काही दशकांत तो इंजिनाच्या गरम तेलात येऊन पोहोचला. साखळी त्यावरून घसरते, आवाज थांबतो. सौद्याची ही पहिली बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की प्लॅस्टिक वर्षानुवर्षे गरम तेलात राहून कडक आणि ठिसूळ होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘चेन ताणली’ असे सर्वच मिस्त्री म्हणतात. वस्तुतः साखळीचे पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातील खीळ आणि नळी थोडी थोडी झिजते व त्या झिजेची बेरीज लांबीत दिसते. हिशेब करून पाहा. चाकापासून चाकापर्यंतच्या ताठ बाजूवर पन्नास सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या केवळ शंभराव्या भागाने झिजला आहे असे समजा. एकूण वाढ झाली अर्धा मिलिमीटर. कॅमशाफ्टच्या चाळीस दात्यांच्या चाकाचा घेर ३८१ मिलिमीटर धरला, तर अर्ध्या मिलिमीटरने कॅमशाफ्ट सुमारे अर्धा अंश मागे राहतो, आणि क्रँकशाफ्टच्या मापाने हा फरक जवळजवळ एक अंश होतो. झीज पाचपट झाली की पाच अंश. झडपा उशिरा उघडतात, डिझेल उशिरा पडते, धूर वाढतो, चढावर दम लागतो. चालक म्हणतो, ‘गाडी ओढत नाही.’ डिझेल इंजिनाच्या तेलात काजळी मिसळते. ती बारीक वाळूसारखी प्रत्येक सांध्यात शिरते. तेल वेळेवर न बदलणाऱ्या गाडीची साखळी लवकर लांबते. लांबलेली साखळी पट्टीवर आपटते, पट्टीवर दोन खोल खाचा पडतात, आणि एके दिवशी पट्टीचा तुकडा मोडून तेलाच्या चेंबरमध्ये पडतो.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. बैलगाडीच्या काळात येथे दुरुस्ती म्हणजे सुतार आणि लोहार यांचे काम होते. लाकडी चाकाला तापलेली लोखंडी धाव चढविणे ही त्या काळची कौशल्याची परमावधी. पुढे १९१३ साली छिंदवाडा-नागपूर हा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला आणि सौंसर, रामाकोना, लोधीखेडा ही गावे नागपूरशी जोडली गेली. पांढुर्णा मात्र नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आले. एकाच प्रदेशातील दोन शेजारी गावे दोन निरनिराळ्या मापांच्या रुळांवर असावीत, ही गोष्ट येथील व्यापाराचे पुष्कळसे स्वरूप सांगून जाते. सौंसरची लहान गाडी घाट चढून छिंदवाड्याला जाई. पांढुर्ण्याचा माल दिल्ली-मद्रासच्या हमरस्त्यावर पडे. पांढुर्णा-सौंसर या आडव्या वाटेला रेल्वे कधीच मिळाली नाही. ती वाट बैलगाडीकडून थेट मोटारीकडे गेली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोपर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, म्हणजे आपल्या दारातच होती. त्या दिवसानंतर विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आपण भोपाळच्या मध्यप्रदेशात राहिलो. घरची भाषा मराठी आणि कचेरीची भाषा हिंदी, अशी दुहेरी व्यवस्था तेव्हापासून चालू आहे. परंतु बाजाराने ही सीमा फारशी मानली नाही. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे १०० किलोमीटर, सौंसरहून त्याहूनही जवळ. भोपाळ अडीचशे किलोमीटरांच्या पलीकडे. संत्री नागपूरकडे गेली, आणि परतीच्या गाडीत टायर, बेअरिंग, गॅस्केट आणि पिस्टन रिंगा आल्या. सरकार बदलले, सुट्या भागांचे दुकान बदलले नाही. आपल्याकडील मिस्त्रींची विद्या नागपुरी आहे, याचे मुख्य कारण मला हेच दिसते.

येथील मोटारदुरुस्ती करणाऱ्यांच्या पहिल्या पिढीचे शिक्षण ज्या गाड्यांवर झाले, त्यांत टाटांच्या ट्रकला मानाचे स्थान आहे. टेल्को कंपनीने डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास आरंभ केला. या ट्रकांच्या इंजिनांत टायमिंगचे काम दातेरी चाके करीत. ही चाके इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकतात. खुणा जुळवून एकदा बसविली की पुन्हा त्यांच्याकडे पाहण्याचे कारण सहसा पडत नाही. त्यामुळे टायमिंग म्हणजे कायमचे बसविलेले, अशी समजूत या पिढीच्या मनात रुजली असावी, असे मला वाटते. मॅटाडोरनेही ही समजूत मोडली नाही. १९६९ पासून बजाज टेम्पो कंपनीने काढलेल्या या गाडीत पुढे जे डिझेल इंजिन आले, ते मर्सिडीझच्या जुन्या ओएम ६३६ या जातीचे. त्याचा कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकच्या बाजूला होता. लांब साखळीचा तेथे प्रश्नच नव्हता.

बजाज टेम्पोविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे; कारण आपल्या भागात लांब साखळी रूढ केली ती याच कंपनीच्या गाड्यांनी. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक आणि वकील नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने, जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने, १९५८ साली मुंबईत गोरेगाव येथे तीनचाकी मालवाहू गाड्या बनविण्यास सुरुवात झाली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डी येथे गेला. त्या गाड्यांवरून मराठीत ‘टेम्पो’ हा शब्द सर्वच लहान मालवाहू गाड्यांना लागला, आणि तो आजही कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागतो. एका जर्मन कंपनीचे नाव मराठी भाषेतले सामान्यनाम व्हावे, ही मौज आहे. ऐंशीच्या दशकात कंपनीने मध्यप्रदेशात, धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे दुसरा कारखाना काढला आणि मर्सिडीझच्या ओएम ६१६ या इंजिनाचे उत्पादन परवान्याने हाती घेतले. १९८७ साली टेम्पो ट्रॅव्हलर आणि त्यापाठोपाठ ट्रॅक्स ही गाडी आली. इंजिन महाराष्ट्रातील कारखान्याचे, गाडीची बांधणी मध्यप्रदेशातील, आणि ती चालणार आपल्यासारख्या दोहोंच्या सीमेवर! काळी-पिवळी म्हणून प्रवासी वाहणारी ट्रॅक्स आणि मागे मोकळा हौदा असलेली तिची मालवाहू भावंडे या भागातील रस्त्यांवर नव्वदच्या दशकात ओळखीची झाली. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले.

हे ओएम ६१६ इंजिन २,३९९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आणि माथ्यावर कॅमशाफ्ट असलेले. त्यात दोन रांगांची जोडसाखळी आहे आणि हीच साखळी डिझेलच्या पंपालाही फिरविते. संपीडनाचे प्रमाण २१ ला १. म्हणजे प्रत्येक सिलिंडरातील सुमारे ६०० घन सेंटिमीटर हवा अखेरीस जेमतेम ३० घन सेंटिमीटर जागेत कोंबली जाते, आणि त्यातलीही बरीचशी जागा ज्वलनाच्या छोट्या कोठडीत असते. पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यात अंतर नावालाच उरते. साखळी तुटली किंवा काही दाते निसटली, तर उघडी राहिलेली झडप आणि वर येणारा पिस्टन यांची गाठ पडते. झडपा वाकतात, कधी कॅमशाफ्टचे आधार मोडतात. म्हणूनच या इंजिनाच्या बाबतीत पट्टी ही क्षुल्लक वस्तू राहत नाही.

आता दुरुस्तीची रीत पाहू. या प्रकरणाचा गाभा येथेच आहे. मर्सिडीझच्या रचनाकारांनी साखळी बदलण्याची एक सुंदर सोय ठेवली होती. इंजिनाचा पुढचा भाग न उघडता ती वरून बदलता येते. व्हॉल्व्हचे झाकण काढायचे, टेन्शनर बाहेर घ्यायचा, चिंध्या कोंबून खालची पोकळी बंद करायची, मग कॅमशाफ्टच्या चाकावर जुन्या साखळीची एक कडी घासून तोडायची. नवी साखळी जुनीच्या टोकाला जोडायची. एक माणूस क्रँकशाफ्टचा नट २७ मिलिमीटरच्या सॉकेटने इंजिनाच्या चालीच्या दिशेने हळूहळू फिरवितो. दुसरा दोन्ही हातांनी साखळी चाकावर ताठ धरून जुनी बाहेर ओढून घेतो. नवी साखळी जुनीच्याच वाटेने आत जाते. विहिरीतला जुना दोर नव्याला बांधून ओढावा, तसेच. फेरा उलटा द्यायचा नाही आणि साखळी क्षणभरही सैल सोडायची नाही, हे दोन नियम. शेवटी जोडकडी ठोकून बंद करायची, टेन्शनर तेलात बुडवून, दाबून, हवा काढून परत बसवायचा, खुणा जुळवायच्या, आणि स्टार्टरला हात लावण्यापूर्वी हातानेच दोन पूर्ण फेरे देऊन काही अडत नाही याची खात्री करायची. साखळी थोडीच लांबली असेल, तर कॅमशाफ्टच्या चाकातील चावी काही अंशांनी सरकविलेली घालून मेळ साधण्याचीही तरतूद कंपनीने केली होती.

हे काम जाणता माणूस थोडक्या वेळात करतो. पट्ट्यांचे तसे नाही. वरची पट्टी हेडमध्ये दोन पिनांवर बसलेली असते. पिनेच्या पोकळीत आटे असलेला बोल्ट घालून, सरकत्या वजनाच्या पुलरने हिसके देऊन पिना ओढाव्या लागतात. पुलर नसेल तर बोल्ट, वॉशर आणि एक नळीचा तुकडा यांचा जुगाड करून त्या काढता येतात. परंतु खालची पट्टी आणि केळ्याच्या आकाराची ताणपट्टी यांच्यापर्यंत पोहोचायचे, तर रेडिएटर, पुली, हेड, पुढचे झाकण, हे सर्व उतरावे लागते. तेलाचे चेंबरही सैल करावे लागते. नवे हेड गॅस्केट आले, मजुरी आली, आणि गाडी दिवसेंदिवस उभी राहणे आले.

आंबिया बहाराची संत्री निघण्याच्या दिवसांत गाडी चार दिवस उभी ठेवण्यास कोणता मालक राजी होईल? कर्जाचा हप्ता थांबत नाही, तोडलेले फळही थांबत नाही. साहजिकच मालक म्हणतो, साखळी टाका आणि गाडी सोडा. मिस्त्रीलाही ते परवडते. नवी साखळी जुन्या, खाचा पडलेल्या पट्टीवर धावू लागते. काही महिने आवाज नाहीसा होतो, आणि सर्वांना वाटते की दुरुस्ती झाली. खाचांच्या कडांवर नवी साखळी घासते, ठिसूळ प्लॅस्टिक एके दिवशी तुटते, आणि सिल्लेवानीच्या घाटात, भरल्या गाडीनिशी, इंजिन एकाएकी बंद पडते. तेव्हा साखळीला दोष दिला जातो. माझ्या मते येथे मालकाचा किंवा मिस्त्रीचा आळस हे मूळ कारण नव्हे. ज्या वस्तूची झीज निश्चित आहे, ती वस्तू रचनाकाराने सर्वांत दुर्गम जागी ठेवली, आणि जी सोपी आहे तिच्यासाठी मात्र वरून दार ठेवले. सोप्या दारातून जो तो आत जाणार.

हा केवळ आपल्या भागाचा अनुभव नाही. पिकअप गाड्यांच्या जगात टोयोटा कंपनीचे २२ आर हे २,३६६ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन भक्कमपणाबद्दल प्रसिद्ध आहे. त्याच्या पूर्वीच्या रूपात दोन रांगांची साखळी होती. ऐंशीच्या दशकात कंपनीने घर्षण कमी करण्याच्या हेतूने एकेरी साखळी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या. अमेरिकेत या गाड्या लक्षावधी मैल चालल्या आणि एकच दुखणे वारंवार दिसू लागले. चालकाच्या बाजूची पट्टी मोडे. आधार गेलेली साखळी ॲल्युमिनियमच्या झाकणावर घासू लागे, आणि घासता घासता झाकणाच्या आतील पाण्याच्या वाटेपर्यंत पोहोचे. पाणी तेलात मिसळे, तेल दुधाळ होई, आणि बेअरिंगे जळत. चालकाला आधी काही दिवस, सकाळी थंड इंजिन चालू करताना, पुढच्या बाजूने खडखड ऐकू येई. तेवढीच काय ती सूचना. यावर उपाय शोधला तो दुरुस्तीच्या धंद्याने. सुटे भाग विकणाऱ्यांनी पोलादी पाठीच्या पट्ट्या बाजारात आणल्या, आणि जाणते मिस्त्री साखळीबरोबर त्याच बसवू लागले. पुढे फोर्ड कंपनीच्या एफ-१५० पिकअपमधील ५.४ लिटरच्या तीन झडपांच्या इंजिनातही प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि टेन्शनर यांचेच दुखणे गाजले. हे इंजिन २००४ सालचे. वीस वर्षांचे अंतर, दोन कंपन्या, दोन देश, आणि तीच पट्टी.

आता आवाजाविषयी. दातेरी चाके घरघरतात. ती ऐकूनच जुने मिस्त्री इंजिनाची नाडी ओळखीत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज कोठून येतो हे शोधण्याची रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीने इंजिन शांत केले, आणि त्याबरोबर कानाला मिळणारी पूर्वसूचनाही पुष्कळशी हिरावून घेतली. साखळी पुरती सैल होईपर्यंत ती बोलतच नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावर तर नव्या पिकअप गाड्यांत क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्या स्थितीवर लक्ष ठेवणारे सेन्सर अनिवार्यच झाल्यासारखे आहेत. दोहोंचा मेळ बिघडला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनर एक क्रमांक दाखवितो. ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु तो क्रमांक मेळ बिघडला एवढेच सांगतो; साखळी लांबली, पट्टी मोडली, टेन्शनर बसला, की सेन्सरचीच तार तुटली, हे तो सांगत नाही. तेथून पुढे पुन्हा मनुष्याचा हात आणि अनुमान लागते.

दातेरी पट्ट्याचा तिसरा मार्ग मी मुद्दाम बाजूस ठेवला. १९६२ च्या सुमारास जर्मनीच्या ग्लास कंपनीने १००४ या मोटारीत तो प्रथम मोठ्या प्रमाणावर आणला. पुढे आपल्याकडे इंडिकासारख्या गाड्यांत तो आला. पट्ट्याला ठरलेले आयुष्य असते, आणि ते पुस्तकात छापलेले असते. साखळीच्या गाडीच्या पुस्तकात बहुधा आयुष्यभर टिकणारी असे लिहिलेले असते. कोणाचे आयुष्य, हे लिहिलेले नसते. पहिल्या मालकाचे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ निघतो. आपल्या तालुक्यांत पुष्कळशा पिकअप गाड्या दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या हाती येतात, तेव्हा तो अर्थ येथल्या माणसाने लक्षात घेतलेला बरा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि सौंसर त्याचा भाग झाला. नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहिण्याचे काम आज ना उद्या कोणी हाती घेईल. गोटमार, जामसावळी, संत्र्यांच्या बागा, सीमाप्रश्न हे सर्व त्यात येईलच. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रावरही एक प्रकरण होईल. हमरस्त्याच्या कडेच्या गॅरेजांवर मात्र कोणी लिहील असे वाटत नाही. याचे एक कारण असे, की तेथील ज्ञान कागदावर नाही. कंपनीची पुस्तके इंग्रजीत, प्रशिक्षणाची पुस्तके हिंदीत, आणि मिस्त्री आपल्या हाताखालच्या पोराला शिकवितो ते मराठीत, तेही अर्धे खुणांनी. ‘चेन सैल सोडू नको’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही, आणि ज्याने ते एकदा न ऐकण्याचा परिणाम पाहिला आहे, त्याला पुस्तकाची गरज उरत नाही. ही शिकवण्याची साखळी दोन पिढ्या चालली. आता मुले या धंद्यात येण्यास नाखूश आहेत, आणि जे येतात ते नव्या गाड्यांच्या कंपन्यांच्या कार्यशाळांत जातात. तेथे पट्टी दुरुस्त होत नाही; पूर्ण संच बदलला जातो, आणि त्याचे बिल जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जाते.

शाळेतील विद्यार्थ्यांनी या दिशेने काही नोंदी केल्या, तर त्या इतिहासाच्या साधनांत जमा होतील. ज्यांच्या घरी गॅरेज आहे, अशी मुले या वर्गांत आहेतच. एखादे इंजिन उघडलेले असेल तेव्हा मिस्त्रीकाकांना विचारून गाडीची जात, साल, चाललेले किलोमीटर, तेल किती अंतराने बदलले, पट्टीवरील खाचेची खोली, आणि चेंबरच्या तळाशी प्लॅस्टिकचे तुकडे सापडले की नाही, एवढे वहीत उतरवावे. पट्टीच्या जुन्या तुकड्याला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवावी. काढलेली साखळी नव्या साखळीशेजारी खिळ्याला टांगून, दोघींच्या लांबीतील फरक पट्टीने मोजावा. आणि खर्चाच्या रकान्यात गाडी किती दिवस उभी राहिली, तेही लिहावे, कारण सुट्या भागाच्या किमतीहून पुष्कळदा तीच रक्कम मोठी असते.